पंचविसावी लाट

३ मार्च

प्रिय आत्या,

आधी बातमी सांगते आणि मग तब्येतीची चौकशी करते, कारण बातमी पोटात मावत नाहीये. मला खेळांवर लिहायचं काम मिळतंय. अजून मिळालेलं नाही, मिळतंय. एक वेबसाइट आहे, ती नव्या खेळांची परीक्षणं छापते. तिथल्या संपादकबाईंनी मला सात आठवडे दिलेत. तेवढ्यात तीन परीक्षणं लिहायची. आवडली तर मी कायमची, नाही तर नमस्कार.

माझ्या वाट्याला आलेत टॉवर डिफेन्सचे खेळ. घाबरू नकोस, सोपं असतं. पडद्यावर एक गाव, गावाला वेस. वेशीकडे येणाऱ्या वाटेवरून शत्रूच्या लाटा येतात, एकामागून एक. आपण वाटेच्या कडेनं बुरुज बांधायचे आणि शत्रू वेशीपर्यंत पोचायच्या आत त्यांना गारद करायचं. बस. पण हे खेळ सोशल नेटवर्कवरचे आहेत, म्हणजे एकट्यानं खेळता येत नाहीत. नेटवर्कवरच्या ओळखीच्यांना ‘शेजारी’ करून घ्यावं लागतं. ते रोज तुला दगड पाठवतात, तू त्यांना पाठवतेस, आणि त्या दगडांचे बुरुज होतात. तिसरा नकाशा उघडायला आठ शेजारी लागतात. माझ्याकडे पाच आहेत. त्यातल्या दोघींनी मला ‘पुन्हा रिक्वेस्ट पाठवलीस तर मैत्री तोडीन’ असं कळवलंय.

तर आत्या, तू माझी सहावी शेजारीण होशील का? फक्त खातं उघडायचं आणि रोज एकदा दगड पाठवायचे. खेळायची गरज नाही.

फोन केला असता, पण एकतीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढलेल्या तुझ्या कानांना फोनवरून ‘बुरुज’ ऐकू येईतो माझा घसा बसेल. पत्रच बरं. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी,
गडबड

ता. क. बाबांना यातलं काही बोलू नकोस.


९ मार्च

प्रिय गडबडीस,

गुडघे आहेत तिथंच आहेत. खातं उघडलं. वाचनालयातल्या बाईंनी मदत केली, त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत आणि सकाळी तिथं चिटपाखरूही नसतं. फोटो लाव म्हणाल्या. माझा फोटो नव्हता म्हणून त्यांनी खिडकीतल्या कुंडीचा काढून लावला. तेव्हा कुंडीकडून दगड आले तर घाबरू नकोस, ती मी.

‘खेळायची गरज नाही’ असं तू लिहिलंस ते मी वाचलं आणि लगेच खेळायला बसले. पहिल्या दिवशी तिसऱ्या लाटेत वेस पडली. दुसऱ्या दिवशी नवव्यात. वाचनालयाच्या बाई मागं उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, तुम्ही बुरुज बांधतच नाही, नुसत्या वाट बघत बसता. मी म्हटलं, बाई, मी वाटच बघतेय, रस्ता या अर्थानं.

खरंच सांगते, हे मला नवं नाही. पाणीपुरवठ्याच्या खात्यात मी दुसरं काय केलं? समोर गावाच्या नळांचा नकाशा, हातात व्हॉल्व्हची यादी. पाणी नेहमी सोप्या वाटेनं पळतं. तुझे शत्रूही तसेच. कुठून येतात त्यापेक्षा कुठं वळतात ते बघायचं आणि वळणावर बुरुज मांडायचे, म्हणजे एकच बुरुज येतानाही मारतो आणि जातानाही मारतो. सरळ वाटेवर बुरुज म्हणजे दगड वाया.

नकाशा चौकटीच्या कागदावर काढून सोबत ठेवलाय. लाल खुणा बुरुजांच्या. आपला जुना फिटर बाजारात भेटला, त्याला सांगितलं. तोही शेजारी झालाय. मीटर वाचणारी होती ना, लांब वेणीची, तीही. म्हणजे तुझे आठ पुरे झाले.

बाबांना का सांगायचं नाही ते तू लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही.

तुझी आत्या


२६ मार्च

प्रिय आत्या,

तुझा नकाशा मी टेबलासमोर भिंतीवर चिकटवलाय. पहिलं परीक्षण त्याच्याच जोरावर गेलं. वळणावरच्या बुरुजाचा मुद्दा मी लिहिला (‘एका अनुभवी खेळाडूच्या मते’, म्हणजे तू) आणि संपादकबाईंनी त्याच ओळीखाली रेघ मारून ‘असं हवं’ असं लिहिलं. दुसरं बरं गेलं. आणि तिसरं, आत्या, तिसऱ्याचं काय सांगू.

खेळाचं नाव ‘वेस राखा’. तूही खेळतेयस, मला दिसतं, कुंडी रोज सकाळी दहाला हजर असते. चित्रं सुरेख आहेत. पण पंचविसाव्या लाटेत तो आपलं खरं रूप दाखवतो. तिथं शत्रू इतके येतात की अग्निबुरुजाशिवाय निभाव लागत नाही, आणि अग्निबुरुज खरे पैसे मोजूनच मिळतो. म्हणजे चोवीस लाटा फुकट खेळवून पंचविसावीला खिशात हात. मी चिडून लिहिलं. पाचात दोन तारे. संपादकबाईंनी मथळा दिला : ‘पैसे न भरता पंचविसावी लाट अशक्य’.

चाळीस हजार लोकांनी वाचलं. चार दिवसांत! खाली नुसता पाऊस पडलाय शेऱ्यांचा, ‘कोणीतरी बोललं एकदाचं’ अशा. बाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून हे टेबल तुझंच समज. अजून कागद हातात नाही, पण शब्द दिलाय.

मी इतकी खूश आहे की घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले. तुला एकटीला सकाळचा वेळ जातो ना या खेळात? मला बरं वाटतं की तुला काहीतरी विरंगुळा झाला.

तुझी,
गडबड


३१ मार्च

प्रिय गडबडीस,

पहिली गोष्ट, मी एकटी नाही. वाचनालयात आता सकाळी आम्ही अकराजण असतो. फिटर, मीटरवाली, क्लोरिन मोजणारे दोघं भाऊ, आणि ज्यांच्यासमोर आम्ही एके काळी श्वास रोखून उभे राहायचो ते मोठे इंजिनिअरसाहेबसुद्धा. साहेब कालपर्यंत विसाव्या लाटेत पडत होते आणि फिटर त्यांना, साहेब, घाई करू नका, असं सांगत होता. बाईंनी वाचनालयाला आणखी एक कॉम्प्युटर मागितलाय. विरंगुळा कसला, धुमाकूळ आहे.

दुसरी गोष्ट. तुझं परीक्षण बाईंनी मोठ्या अक्षरांत छापून दिलं, मी दोनदा वाचलं. तुझं नाव खाली बघून ऊर भरून आला. छान लिहितेस, ठसक्यात. पण ते चुकलंय.

मी पंचविसावी लाट परवा पार केली. पैसे न भरता. काल पुन्हा केली, चुकून झाली नव्हती ना हे बघायला. आज फिटरनंही केली.

सांगते कशी. वेशीकडे दोन वाटा आहेत, पुलावरून जवळची आणि डोंगरावरून लांबची. दोन्हींवर फाटक आहे. सुरुवातीला पुलाचं उघडं, डोंगराचं बंद. तू पुलाचं फाटक लावायला गेली असशील आणि खेळानं लाल अक्षरांत ‘एक तरी वाट खुली हवी’ असं झिडकारलं असेल. मलाही झिडकारलं. पण आमच्या कामात पहिल्या दिवशी हेच शिकवायचे : आधी दुसरा व्हॉल्व्ह उघड, मग पहिला बंद कर. नाहीतर नळ फुटतो. तर आधी डोंगराचं फाटक उघडायचं. शत्रू तरीही पुलावरूनच येतात, जवळची वाट सोडत नाहीत. ते पुलाच्या तोंडाशी आले की पुलाचं फाटक लावायचं. सगळी लाट मागं वळते आणि डोंगराकडे निघते, आपल्या त्याच बुरुजांसमोरून. डोंगर चढत आली की पूल उघडायचा, डोंगर बंद करायचा. पुन्हा मागं. तीन फेऱ्यांत साधे बुरुजच त्यांना संपवतात. अग्निबुरुज लागतच नाही.

नकाशा सोबत आहे. तू ‘अशक्य’ लिहिलंस. किती वेळा खेळली होतीस?

तुझी आत्या


५ एप्रिल

आत्या,

चार वेळा.

आणि चार पुरेत. परीक्षण करणाऱ्यानं एक खेळ महिनाभर खेळत बसायचं नसतं. जे साध्या खेळणाऱ्याला सुचणार नाही ते त्याच्यासाठी अशक्यच. एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेली आत्या प्रत्येकाला असते का? त्यामुळे मी लिहिलं ते अगदीच काही खोटं नाही.

शिवाय आता फार उशीर झाला. मथळा बाईंचा आहे. तो चुकला असं सांगायला गेले तर टेबलही जाईल आणि शब्दही. तुला माहीत नाही म्हणून सांगते, मी विमा कंपनीतली नोकरी फेब्रुवारीतच सोडली. बाबांना वाटतं मी रोज तिथंच जाते. त्यांनी ती नोकरी मिळवायला किती जणांच्या भेटी घेतल्या होत्या, तुला ठाऊक आहे. हे कागदावर पक्कं झालं की मग सांगणार होते. म्हणून तुला बोलू नकोस म्हटलं. आता कळलं का, मी किती अरुंद पुलावर उभी आहे?

खेळ बनवणाऱ्यांचंही पत्र आलंय वेबसाइटकडे. एक बहीण आणि एक भाऊ, दोघांनी मिळून घरच्या एका खोलीत तीन वर्षं खपून केलाय म्हणे. खेळणारे निम्म्यावर आलेत, कृपया पुन्हा एकदा खेळून बघा, असं लिहिलंय. बाई म्हणाल्या, अशी पत्रं येतातच. मी ते पूर्ण वाचलं नव्हतं. काल वाचलं.

तुला राग आला असेल. येऊ दे.

गडबड


१० एप्रिल

प्रिय गडबडीस,

राग नाही आला. एक गोष्ट सांगते, ती मी आजवर घरात कोणाला सांगितली नाही.

मी नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. टाकीखालचा सात नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता. मी दोन झटके दिले, तो हलला नाही. ऊन होतं, कंटाळा होता. नोंदवहीत लिहिलं : ‘सात नंबर गंजला आहे, फिरत नाही.’ साहेबांनी विचारलं, तेल-पाण्याचं काम कोणाचं? फिटरचं. त्याची बदली झाली लांबच्या पंपघरावर, जिथं बसायला बाकडं नव्हतं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं.

महिन्यानं मला कळलं, सात नंबर गंजला नव्हताच. त्याचे आटे उलटे होते. मी उघडायच्या दिशेनं जोर लावत होते. आणि मी गप्प राहिले. मलाही वाटलं, आता फार उशीर झाला, नवी नोकरी आहे, बाईमाणूस म्हणून आधीच सगळे टपलेत. आठ महिने गप्प राहिले. प्रत्येक दिवशी ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. शेवटी एका सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. माझ्या फाइलीत शेरा आला, तो निवृत्तीपर्यंत होता. फिटर परत आला. मी त्याच्या घरी गेले. त्यानं मला आत बोलावलं नाही, दारातच म्हणाला, “आठ महिने, बाई?” बस, एवढंच. पुढं दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. आज तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून फाटकं लावतो, पण ते शब्द मी विसरलेले नाही.

मी तुला काय कर ते सांगत नाही. एवढंच म्हणते की तुझे अजून तीनच आठवडे झालेत.

आणि दादाचं. तू रागावशील, पण ऐक. त्याला मार्चपासून माहीत आहे. तुझ्या जुन्या ऑफिसात फोन केला होता, तिथल्यांनी सांगितलं. माझ्याकडे तणतणत आला. मी म्हटलं, ओरडायचंय तर आधी ती काय करते ते बघ. त्याला वाचनालयात नेलं. पहिला तास हाताची घडी घालून बसला. दुसऱ्या तासाला म्हणाला, तो कोपऱ्यातला बुरुज चुकीचा आहे. आता दर शनिवारी दोन बस बदलून येतो. तुला ‘छत्री’च्या फोटोवरून रोज दगड येतात ना, ती छत्री तो आहे. तुला सांगू नको म्हणाला होता. तुम्ही दोघं मला काहीतरी सांगू नको म्हणता आणि मी मेली मध्ये.

तुझी आत्या


२३ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बसथांब्यावर वाचलं आणि तीन बस जाऊ दिल्या. छत्री! मला वाटायचं ती तुमच्या मीटरवालीची कोणी मैत्रीण आहे. गेल्या आठवड्यात मी त्या छत्रीला ‘दगड जरा लवकर पाठवत जा’ असा निरोप पाठवलाय. बाबांना फोन लावला, घंटी वाजायच्या आत ठेवून दिला.

मग मी सुट्टीचे दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ‘वेस राखा’ खेळले. तुझा नकाशा समोर धरून. सात वेळा पडले. फाटक लावायचा क्षण चुकायचा, लाट अर्धी पुढं अर्धी मागं व्हायची. आठव्या वेळी जमलं. मी खुर्चीवरून उठून खोलीत नुसत्या फेऱ्या मारत होते. आनंद झाला होता गं, खरा, आणि त्याच वेळी कळलं होतं, आता पळवाट उरली नाही.

सोमवारी ऑफिसात गेले. आमचं ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, खालून ड्रिलचा आवाज. संपादकबाईंना म्हटलं, माझं तिसरं परीक्षण चुकलंय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्या चष्मा चढवतात तेव्हा कोणीतरी जाणार असतं. मी म्हटलं, आधी दाखवते. आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसले.

पहिल्या खेपेला तेविसाव्या लाटेतच वेस पडली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी पुन्हा सुरू केलं. विसाव्या लाटेला त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पंचविसावी आली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या वेळी मी क्षणभर थांबले तर मागून बाईच म्हणाल्या, “आता पूल, पूल उघड.” उघडला. शेवटचा शत्रू पुलावर वळताना पडला. बाकीची टेबलंही येऊन मागं उभी होती, मला पत्ता नव्हता.

मग बाई म्हणाल्या, “चाळीस हजार लोकांना आपण चुकीचं सांगितलं.”

मी म्हटलं, “आपण नाही, मी सांगितलं.”

“मथळा माझा होता,” त्या म्हणाल्या. “लिही. जुन्याच्या वर लागेल, खाली नाही.”

त्याच दुपारी लिहिलं, छापून सोबत ठेवते. दोनचे साडेतीन तारे केले, चार नाही, कारण रोज दगड मागत फिरायला लावणं मला अजूनही पटत नाही आणि त्या लाल अक्षरांतून कोणाला काही कळत नाही. तेही लिहिलंय.

पहिले दोन दिवस लोकांनी धू धू धुतलं. ‘किती पैसे मिळाले’ पासून ‘आधीच खेळायचं होतं’ पर्यंत. दुसरं खरंच होतं. तिसऱ्या दिवशी एकानं स्वतःचा नकाशा पाठवला, फाटकं वेगळ्या क्रमानं लावून. मग दुसरा आला. आज सकाळपर्यंत तीनशेच्या वर नकाशे आलेत, आत्या. लोक एकमेकांना शिकवतायत. एका आजोबांनी पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं काढून फोटो पाठवलाय.

टेबल कायमचं मिळालं नाही. बाई म्हणाल्या, शब्द मी मागं घेते, आणखी तीन महिने बघू. आणि आता प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ छापायची : किती वेळा खेळले, कुठवर पोचले. सगळ्यांच्याच, फक्त माझ्या नाही. त्या ओळीची मला इतकी गंमत वाटतेय की पुढचा खेळ मी आत्तापासूनच चालू केलाय.

बहीण-भावाचं उत्तर आलं. महिनाअखेर खेळ बंद करणार होते, ते आता थांबलेत. फाटकांची ही युक्ती त्यांनाही माहीत नव्हती म्हणे. कोणी शोधली ते विचारतायत. तुझा पत्ता देऊ का?

तुझी,
गडबड


२९ एप्रिल

प्रिय गडबडीस,

मी हो म्हणायच्या आधीच पत्ता दिलास की, त्यांचं पत्र कालच आलं. बहिणीचं अक्षर किरटं आहे पण पोर हुशार आहे. नकाशाला माझं नाव देऊ का म्हणाली. मी लगेच नेटवरून कळवलं, नाव नको, ती लाल अक्षरं बदला, ‘आधी दुसरी वाट उघडा’ असं लिहा. आज सकाळी बघितलं तर बदललीसुद्धा. साहेब म्हणाले, आमच्या खात्यात एवढ्याला सहा महिने लागले असते.

आता तुझ्या नव्या परीक्षणाचं सांगते. शनिवारी दादा आला. मी त्याला ते दिलं, एकट्यानं वाच म्हणून. त्यानं चष्मा लावला, उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला. वाचनालयात. बाईंनी अडवलं नाही. मला शब्दन् शब्द ऐकू आला, यावरून आवाजाची कल्पना कर. ‘मी चार वेळा हरले आणि अशक्य असं लिहून टाकलं. अशक्य नव्हतं. मला जमलं नव्हतं.’ इथं आल्यावर तो थांबला. पाणी प्यायला. मग तेवढ्याच ओळी पुन्हा वाचल्या. फिटर खाली मान घालून ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, “महिन्याच्या आत लिहिलं पोरीनं.” आणि माझ्याकडे बघून हसला. अगं, किती वर्षांनी असा हसला तो.

मग आम्ही अकराही जण खेळायला बसलो आणि चाळिसाव्या लाटेत एकजात आडवे झालो. तिथं शत्रू उडत येतात, फाटकांना विचारत नाहीत. यावर तुझं काय मत ते कळव. खेळून कळव.

दादाला खाली जागा हवी आहे, म्हणून थांबते.

तुझी आत्या


पोरी,

नोकरी सोडलीस ते मला सांगायला हवं होतंस. मी रागावलो असतो, दोन दिवस तरी. तुला भीती वाटली असं तुझी आत्या म्हणते. मी इतका भीतिदायक आहे हे मला कोणी कळवलं नव्हतं.

त्या दिवशी फोनची अर्धी घंटी वाजली होती. मी पोचेपर्यंत बंद झाली. रविवारी मी घरीच आहे. पूर्ण वाजव.

बाबा